विश्लेषण : मेमध्येच मान्सून आला, तरी पेरणीची घाई का नको?

सकाळी घामाच्या धारा, दुपारी काळोख, संध्याकाळी विजांचा कडकडाट आणि आठवडा संपेपर्यंत थेट मान्सून. मे २०२५ च्या उत्तरार्धात पनवेल आणि रायगडच्या किनारपट्टीने हा प्रवास अवघ्या काही दिवसांत अनुभवला. हवामानात एवढी उलथापालथ का झाली आणि तिने शेतकऱ्यांना काय शिकवले?

नेमके काय घडले?

२० मेनंतर मुंबई, नवी मुंबई, रायगड पट्ट्यात वादळी सरी सुरू झाल्या. २२ मेच्या सुमारास पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. त्याची तीव्रता वाढली आणि २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीदरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आले. त्याच दिवशी मान्सून केरळात दाखल झाला. तेथील सर्वसाधारण तारीख १ जून आहे. २६ मे रोजी तो मुंबईत पोहोचला, म्हणजे ११ जून या नेहमीच्या तारखेपेक्षा १६ दिवस आधी. मुंबईत याआधी इतक्या लवकर, २९ मे रोजी, मान्सून १९५६, १९६२ आणि १९७१ मध्ये आला होता. कुलाबा वेधशाळेत मे महिन्याची नोंद २९५ मिलिमीटरवर गेली आणि १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला.

वळीव आणि मान्सून यांत फरक कोणता?

पनवेलच्या पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला माथेरानचे डोंगर आहेत. मेमध्ये जमीन तापते, समुद्राकडून बाष्प येते आणि दुपारनंतर सह्याद्रीवर उंच ढग उभे राहतात. वरच्या थरात पूर्वेकडून वारे असले, की हेच ढग संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. सोसाट्याचा वारा, विजा आणि तासाभराचा धुवाधार पाऊस हे वळवाचे लक्षण. एका गावात पाणी तुंबते, तर शेजारचे गाव कोरडे राहते.

मोसमी पावसाचा स्वभाव वेगळा. वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून सलग वाहू लागतो, आभाळ दिवसभर झाकोळलेले राहते, सरी दिवसा-रात्री केव्हाही येतात आणि विजा कमी होतात. त्या आठवड्यात कमी दाबाच्या क्षेत्राने आधी वळवाला बाष्प पुरवले. ते जमिनीवर येऊन विरल्यावर समुद्रावरील पश्चिमी वारे बळावले आणि मोसमी पावसाची वाट मोकळी झाली.

मान्सून आल्याचे कसे ठरवतात?

केवळ पाऊस पडला म्हणून मान्सूनची घोषणा होत नाही. केरळसाठी निकष ठरलेले आहेत. १० मेनंतर निवडक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो. सोबत पश्चिमी वाऱ्यांची खोली व वेग आणि ढगांचे आच्छादनही तपासले जाते. पुढच्या प्रदेशांतही पाऊस, वारे आणि ढग यांवरून मान्सूनची सीमारेषा पुढे सरकवली जाते. मान्सून आला याचा अर्थ आता पाऊस खंड न घेता पडेल, असा होत नाही.

मग खंड पडला का?

मेअखेरीस मोसमी वाऱ्यांची आगेकूच थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत ती रखडली. त्यानंतर मात्र वेग इतका वाढला, की नेहमीच्या ८ जुलैऐवजी २९ जूनलाच मान्सूनने सारा देश व्यापला. कोरडवाहू भागात पहिल्याच पावसावर पेरणी केली आणि असा खंड पडला, तर कोवळी रोपे करपतात आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो.

भात उत्पादकांची अडचण काय?

पनवेल आता महापालिकेचे शहर असले, तरी तालुक्यात भातशेती टिकून आहे. भाताचे गणित वेगळे असते. कोकणात रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेनंतर, कोरड्या जमिनीत धूळवाफेवर पेरणी करण्याची पद्धत आहे. मृगाच्या पावसावर रोपे उगवतात. पण त्याआधीच जमीन भिजली, तर धूळवाफ साधत नाही, चिखलामुळे वाफसा येत नाही आणि भाताआधी तण माजते. अशा वेळी पाणी निचरू देणे, उगवलेले तण मारणे किंवा मोड आलेले बियाणे चिखलात फोकणे हे मार्ग उरतात. बियाणे थोडे राखून ठेवणेही शहाणपणाचे.

फटका फक्त शेतीलाच बसतो का?

नाही. मे हा रायगडात आगोटीचा महिना. सुकी मासळी, मसाले, कांदे, लाकूडफाटा यांची चार महिन्यांची बेगमी याच दिवसांत होते. मासळी वाळायला कडक ऊन लागते. वीटभट्टीवरच्या कच्च्या विटा एका सरीत विरघळतात आणि मिठागरातले तयार मीठ पाण्यात जाते. ही सारी कामे मेच्या शेवटच्या आठवड्यावर विसंबून असतात. ज्यांची मजुरी त्या कामांवर चालते, त्यांचे मोसमातले शेवटचे कमाईचे दिवस अशा वेळी बुडतात.

पुढे काय लक्षात ठेवायचे?

मान्सून कधी पोहोचला ही तारीख सगळ्यांच्या तोंडी असते. शेतकऱ्यासाठी मात्र पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज आणि मातीतली ओल अधिक मोलाची. उघड्यावरची कामे मेच्या मध्यापर्यंत आटोपणे आणि पेरणीपूर्वी वाफसा पाहणे, एवढी सावधगिरी बाळगली तर लवकर आलेला पाऊस नुकसानीचा ठरणार नाही.