दगड कुठवर, माती कुठून? : साक्रीकडच्या वाड्यांची रचना

साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची प्राचीन देवळे पाहून आलेला माणूस खेड्यातल्या जुन्या घरालाही सहज ‘दगडी वाडा’ म्हणतो. देवळात पायापासून छतापर्यंत दगडच असतो. वाड्यात तसे नाही. टेप घेऊन मी या भागातले जे वाडे मोजले, त्यांत घडीव दगड बहुधा जोत्यात आणि भिंतीच्या खालच्या भागातच आढळला. त्यावर पांढरी माती किंवा विटा, आणि आत लाकडी सांगाडा.

काळा दगड हवा तेवढा असताना असे का? तो कठीण, एकेक चिरा घडवायला वेळ आणि मजुरी फार. म्हणून जिथे ओल चढते, पावसाचे शिंतोडे उडतात, तिथेच तो लावला. वर जाड मातीची भिंत खानदेशी उन्हाळ्यात घर गार ठेवते.

छताचे ओझे मुख्यतः खांबांवर असते. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तिच्यावर कड्या, आणि सर्वांत वर खारीचे धाबे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढे ते खणांत सांगतात. त्यामुळे मातीची भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहू शकतो.

हीच रीत मोठ्या प्रमाणावर पाहायची तर पुण्याचा शनिवारवाडा पाहावा. १७३० साली काम सुरू झालेल्या या वाड्याचा तट खाली दगडाचा, वर विटांचा. १८२८च्या आगीत आतले लाकडी मजले गेले. तट आणि जोती उरली.

आपल्याकडे आग नव्हे, सिमेंट घात करते. दुरुस्ती म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही; माती सुटते, भिंतीतले खांब कुजतात. मग ‘वाडा धोकादायक’ म्हणून तो पाडला जातो आणि चिरे विकले जातात. त्याऐवजी गिलावा मातीचा किंवा चुन्याचा करावा, पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी टाकावी, पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. जुन्या घरांतली दप्तरे जपायला त्यांनी आपल्याला शिकवले. आता ती घरेही मोजून ठेवायला हवीत. वाडा पाडायचाच असेल, तर निदान आधी त्याचे खण मोजा, नकाशा काढा, फोटो घ्या. चिरे विकले गेल्यावर ते कुठल्या भिंतीत होते, हे कोणालाच सांगता येत नाही.