पुढचे शॉकअप बदलताना नेमके काय बदलते?

जुन्या मोटरसायकलला नवे, उलटे शॉकअप बसवून घेण्याची हौस छत्रपती संभाजीनगरात फोफावली, यात नवल नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या शहरालगतच्या वाळूज कारखान्याचे उद्‌घाटन झाले. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी याच शहरात एन्ड्युरन्सची सुरुवात केली. आज ही कंपनी दुचाक्यांचे शॉकअप, ब्रेक आणि क्लच बनवते. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी भागात प्रेसवर किंवा सीएनसीवर हात बसलेला माणूस शोधावा लागत नाही. त्यामुळे ‘बसेल का?’ या प्रश्नाला इथे बहुधा ‘बसवू की!’ असेच उत्तर मिळते. पण बसणे वेगळे आणि चालणे वेगळे.

गाड्या ठरलेल्या असतात. एकीकडे १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १०० किंवा २००१ साली आलेली पहिली पल्सर, आणि दुसरीकडे २०१२ पासून भारतात मिळू लागलेल्या केटीएम ड्यूकचे ४३ मिलिमीटरचे शॉकअप. नेहमीच्या शॉकअपमध्ये बारीक, चकचकीत पाइप वर ‘टी’मध्ये, म्हणजे दोन्ही शॉकअप वर-खाली पकडून चासीला जोडणाऱ्या भागात, पकडलेला असतो आणि जाड नळी चाकाकडे. उलट्यात जाड नळी वर जाते. जोरात ब्रेक दाबला की सर्वात जास्त वाकवणारा ताण खालच्या टीपाशी येतो. तिथे जाड नळी असल्याने पुढचा भाग कमी लवतो आणि हँडल सांगाल तिथेच जाते. हा फायदा खराच आहे. तोटा असा, की ऑइल सील खाली येते. धुळीने ते फाटले की तेल थेट डिस्कच्या दिशेने ओघळते. खड्ड्यातला आराम मात्र उलट-सुलट असण्यावर नव्हे, तर आतली स्प्रिंग, तेल आणि तेलाची वाट अडवणारी छिद्रे किंवा व्हॉल्व्ह यांवर ठरतो.

खरा घोळ टीमध्ये आहे. नव्या टीचा मधला दांडा जुन्या चासीच्या मानेत क्वचितच नीट बसतो. जाडी वेगळी, उंची वेगळी. याचे सरळ मार्ग दोन. आतून नव्या दांड्याला आणि बाहेरून जुन्या मानेला जुळणारे बेअरिंग शोधायचे, किंवा जुना दांडा प्रेसने काढून, लेथवर अचूक माप देऊन नव्या टीत दाबून बसवायचा. बेअरिंगची जागा व्हर्नियरने नव्हे, मायक्रोमीटरने मोजायची असते. बसवणी सैल राहिली तर दांडा टीत खेळू लागतो. दांडा वेल्डिंग करून जोडण्याची सूचना कोणी केली, तर गाडी तिथून उचलावी. त्या एका सांध्यावर चालवणाऱ्याचा जीव असतो.

दांडा बसला तरी भूमिती उरतेच. मानेतून जाणारी तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाक ढकलले की आपोआप मागे वळून सरळ होते, तेच काम गाडीत ट्रेल करतो. मान उभ्या रेषेपासून २७ अंश कललेली, चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि टीचा ऑफसेट, म्हणजे दांड्यापासून शॉकअप जितके पुढे असतात ते अंतर, ४५ मिलिमीटर धरा. ट्रेल १०२ मिलिमीटर येतो. ऑफसेट ३२ चा केला, बाकी सारे तेच ठेवले, तर तो ११७ होतो. गुलमंडीच्या गर्दीत हँडल जड लागते ते यामुळे. याउलट, ऑफसेट ४५ चाच राहून शॉकअप २५ मिलिमीटरने आखूड निघाले तर सुमारे १.३ मीटर व्हीलबेसच्या गाडीत मान जवळपास एक अंशाने उभी होते, ट्रेल ९६ वर येतो आणि जालना रोडवर वेगात गाडी बावरते. शंभर किलोच्या आसपासच्या आरएक्सला दीडशे किलोच्या गाडीची स्प्रिंग दिली, तर ती लहान खड्ड्यांत दबतच नाही. सोबत मोठी डिस्क आली की ड्रम ब्रेकचा हिशेब धरून केलेल्या चासीच्या मानेवर तिला न झेपणारा ताण येतो. मानेजवळच्या वेल्डिंगला गेलेली बारीक चीर रंगाखाली दिसतही नाही.

कायद्याची बाजूही कच्ची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कठोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाल्यावर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवू शकते.

म्हणून माझा आग्रह आहे, की आधी जुन्या शॉकअपला न्याय द्यावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत शॉकअपचे तेल वर्षानुवर्षे बदललेले नसते. उघडल्यावर काळपट पाणी निघते. पाइप काचेच्या सपाट तुकड्यावर फिरवून वाकला आहे का ते पाहावे, ऑइल सील आणि कोन सेट (मानेतले बेअरिंग) नवे घालावेत, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे तेल मापाने भरावे. गाडीवर बसल्यावर शॉकअप एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश दबायला हवे. त्याहून जास्त दबत असेल तर स्प्रिंग बहुधा थकली आहे. आणि दोन्ही बाजूंच्या तेलाची पातळी सारखी आहे की नाही, हे स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, पट्टीने मोजावे. कंपनीने सांगितलेली पातळी कोणत्या स्थितीत मोजायची, तेही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते.