एका पेशीचा धागा, धाग्यांचा सदरा

घरात सुती कापडाची एखादी जुनी चिंधी असेल तर घ्या बरं. तिच्या कडेचा एक धागा ओढून काढा आणि तो ज्या बाजूला पिळलाय, त्याच्या उलट बाजूला हळूहळू फिरवा. पीळ सुटला की धागा विसविशीत होतो आणि बारीक बारीक तंतू हातात येतात. त्यातला एकच तंतू उजेडात धरा. दिसला? आता सांगतो ते ऐका : हा आख्खा तंतू म्हणजे फक्त एक पेशी आहे!

आपल्या कातडीतली पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. कापसाची ही पेशी मात्र अडीच-तीन सेंटिमीटर लांब असते, म्हणजे जाडीच्या हजार पटींहून जास्त. वनस्पतींच्या जगात इतकी लांब पेशी फार थोड्या ठिकाणी सापडते, आणि आपण ती रोज अंगात घालून शाळेत जातो.

ही पेशी वाढते कशी, ते बघायला बुलढाणा जिल्ह्यात जाऊ. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद... पूर्णा नदीच्या या खोऱ्यात काळीभोर जमीन आहे. लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ती तयार झाली. पावसाचं पाणी ही माती बराच काळ धरून ठेवते, म्हणून विहिरीचं पाणी नसलं तरी इथे कपाशी तग धरते. इथले शेतकरी तिला पऱ्हाटी म्हणतात.

जून-जुलैत पेरणी होते. मग पात्या म्हणजे कळ्या लागतात, फुलं उमलतात. ज्या दिवशी फूल उमलतं, त्याच सुमाराला आतल्या कोवळ्या बियांच्या सालीवर गंमत सुरू होते. सालीवरच्या काही पेशी फुगतात आणि लांब व्हायला लागतात. एका बीवर अशा दहा हजारांहून जास्त पेशी! पेशीत पाणी भरतं, त्या पाण्याच्या दाबानं ती ताणली जाते, आणि साधारण तीन आठवडे नुसती लांबच होत राहते. लांबी पुरी झाली की आतून भिंत जाड व्हायला लागते. रोज सेल्युलोजचा एक पातळ थर, एकात एक. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं असतात ना? इथे दिवसादिवसाची असतात.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बोंड फुटतं. ऊन लागतं, आतलं पाणी उडून जातं. पाणी बंद केल्यावर प्लॅस्टिकचा पाईप चपटा पडतो, तशी ही नळीही चपटी पडते. आणि चपटी पडता पडता स्वतःभोवती पिळली जाते! थोडं अंतर उजवीकडे, मग उलटून डावीकडे. मला तर या सगळ्या गोष्टीतली हीच जागा सर्वांत अद्भुत वाटते. कारण हे पीळ नसते, तर सदराच नसता.

पटत नाही? मग जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याकडे बघा. तिथल्या जंगलात काटेसावर असते. तिच्या बोंडातूनही पांढरा, रेशमासारखा कापूस निघतो. पण त्याचे तंतू सरळ आणि गुळगुळीत असतात. ते एकमेकांना धरत नाहीत, लगेच निसटतात. म्हणून सावरीच्या कापसाच्या उशा होतात, पण धागा काही नीट निघत नाही. कारखान्यात पॉलिस्टरचे आखूड तंतू बनवतात तेव्हा त्यांनाही मुद्दाम नागमोडी करावं लागतं, नाहीतर सूत निघत नाही. पऱ्हाटीला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता एक गणित. एका चांगल्या बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस असतो, सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी केली की रुई उरते जेमतेम एक तृतीयांश. तुमचा सदरा २०० ग्रॅमचा असेल, तर किती बोंडं लागतील? दीडशे तर नक्कीच, आणि सूत काढताना जी रुई वाया जाते ती धरली तर आणखी थोडी. ही बोंडं कुणीतरी उन्हात, कमरेला ओटी बांधून, एकेक करून हातानं वेचलेली असतात. बहुतेक वेळा बायाच ते काम करतात. उरलेलंही फुकट जात नाही : सरकीचं तेल निघतं, ढेप गाईम्हशी खातात, वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात.

या पांढऱ्या सोन्यासाठी एकदा थेट रेल्वे आली होती! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. खामगावची कापूस बाजारपेठ तेव्हा देशात गाजलेली. जलंब ते खामगाव हा तेरा-एक किलोमीटरचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते.

तेव्हाच्या शेतांत देशी कपाशी मोठ्या प्रमाणावर असे. आज बहुतेक शेतांत अमेरिकी जातीची कपाशी दिसते, कारण तिचा धागा लांब. देशीचा तंतू आखूड, पण ती काटक आहे : मुळं खोल जातात, पाऊस लांबला तरी दम धरते, रस शोषणाऱ्या किडी तिला कमी त्रास देतात, म्हणून फवारणीही कमी लागते. ती टिकलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आणि गंमत ऐका. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकीत ५२. त्या ५२ पैकी २६ आपल्या देशी कपाशीच्या एका प्राचीन नातलगाकडून आलेली आहेत! दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन कुळं एकत्र आली, तेव्हा शेती करायला माणूसही नव्हता.

आता पुन्हा आपल्या चिंधीकडे येऊ. एक प्रयोग करा. जुन्या सुती कापडाचा एक तुकडा आणि पॉलिस्टरचा एक तुकडा कुंडीतल्या ओलसर मातीत पुरून ठेवा. शेजारी फाटक्या सुती सदऱ्याची शिवण असलेली एक बाहीही पुरा. दोन-तीन महिन्यांनी उकरा. सुती तुकडा विरलेला असेल, कारण मातीतल्या बुरशीला आणि जिवाणूंना सेल्युलोज खाता येतं. पॉलिस्टर जसंच्या तसं. बाहीचं कापडही विरलेलं असेल, पण शिवणीच्या जागी एखादा दोरा तसाच उरला असेल तर तो नीट बघा. सुती कपडे शिवायला पुष्कळदा दोरा पॉलिस्टरचा वापरतात.