आभासी डिस्कचा विस्तार (लिनक्स)

लिनक्स यजमान संगणकावर चालणाऱ्या आभासी संगणकाची, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनची, साठवणक्षमता वाढवण्याच्या प्रक्रियेस आभासी डिस्कचा विस्तार असे म्हणतात. ही प्रक्रिया सहसा एका आज्ञेने पूर्ण होत नाही. डिस्क, विभाजन आणि फाइल प्रणाली हे स्तर बाहेरून आत या क्रमाने वाढवावे लागतात.

पार्श्वभूमी

लिनक्सवर आभासी संगणक चालवण्यासाठी केव्हीएम आणि क्यूईएमयू यांचा एकत्रित वापर प्रचलित आहे. केव्हीएमचा समावेश २००७ साली प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत झाला. पाहुण्या संगणकाला जी स्वतंत्र डिस्क भासते, ती यजमानावर बहुधा एक फाइल किंवा एलव्हीएमचा तार्किक खंड असते. क्यूकाऊ२ स्वरूपाची फाइल सामान्यतः लिहिलेल्या माहितीपुरतीच जागा व्यापते. त्यामुळे अनेक आभासी डिस्कच्या घोषित आकारांची बेरीज यजमानाच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा अधिक असू शकते. विस्तारापूर्वी यजमानावरील मोकळी जागा तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रक्रिया

२० जीबीची डिस्क ४० जीबी करावयाची असल्यास पुढील टप्पे येतात:

१. माहितीची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवली जाते.

२. आभासी संगणक बंद असताना क्यूईएमयूच्या प्रतिमा-साधनाने फाइलचा आकार वाढवला जातो. संगणक चालू असल्यास हे काम लिबव्हर्टच्या ब्लॉकरिसाइझ या आज्ञेद्वारे करतात; चालू संगणकाची फाइल बाहेरून परस्पर बदलल्यास ती दूषित होऊ शकते.

३. पाहुण्या संगणकात विभाजन वाढवले जाते. मोकळी जागा विभाजनाला लागून असावी लागते. मध्ये स्वॅप विभाजन असल्यास अडथळा येतो. जीपीटी पद्धतीत विभाजन तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणून ती नव्या शेवटाकडे हलवावी लागते.

४. पाहुण्या संगणकात एलव्हीएम वापरले असल्यास प्रथम भौतिक खंड व नंतर तार्किक खंड वाढवतात.

५. अखेरीस फाइल प्रणाली वाढवली जाते. ईएक्सटी४ प्रणाली वापरात असतानाही वाढवता येते; एक्सएफएस प्रणाली वाढवण्यासाठी ती जोडलेली असणे आवश्यक असते.

शेवटचा टप्पा राहून गेल्यास डिस्क ४० जीबीची दिसते, परंतु फाइलींसाठी पूर्वीइतकीच जागा उपलब्ध राहते.

मर्यादा आणि धोके

५१२ बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्कवर जुन्या एमबीआर पद्धतीत सुमारे २ टेराबाइटांपलीकडील जागा वापरता येत नाही. यजमानावरील जागा संपल्यास क्यूईएमयू सामान्यतः आभासी संगणक तात्पुरता थांबवते.

डिस्क लहान करताना क्रम उलटा, म्हणजे आतून बाहेर असतो. फाइल प्रणाली आधी लहान न करता बाहेरील डिस्क कापल्यास शेवटच्या भागातील माहिती कायमची नष्ट होते. ईएक्सटी४ प्रणाली लहान करण्यासाठी ती आधी विलग करावी लागते. या जोखमीमुळे डिस्क लहान करण्याऐवजी नवी लहान डिस्क तयार करून तीत माहिती हलवणे अधिक सुरक्षित असते.