वैदेहिकेचा अडसर

कचेरीत वरिष्ठाचे कटू बोल जो मान खाली घालून ऐकून घेतो, तोच गृहस्थ सायंकाळी घरी परतल्यावर आमटीत मीठ कमी पडल्याच्या क्षुल्लक सबबीवर ताट पुढे लोटतो आणि तरीही चारचौघांत शांत स्वभावाचा म्हणून मान्यता पावतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. भगवान बुद्धांनी ही मानवी विसंगती फार जवळून न्याहाळली असावी. कारण मज्झिमनिकायातील ककचूपमसुत्तात, म्हणजे करवतीच्या दृष्टांताच्या सुत्तात, भिक्षूंना क्षांती, म्हणजे सहनशीलता, समजावताना त्यांनी राजाची वा तपस्व्याची नव्हे, तर श्रावस्तीतील एका गृहिणीची गोष्ट सांगितली.

वैदेहिका ही गृहस्वामिनी नम्र आणि शांत म्हणून विख्यात होती. तिच्या घरी काळी नावाची दासी होती, कामात दक्ष आणि तत्पर. एकदा काळीच्या मनात आले की, आपल्या मालकिणीला राग येतच नाही, की आपले काम चोख असल्यामुळे तो बाहेर पडत नाही? याचा निकाल लावण्यासाठी ती एके दिवशी उशिरा उठली. मालकिणीने कारण विचारले, तिने काही नाही म्हणून सांगितले, तेव्हा वैदेहिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढल्या खेपेस काळी आणखी उशिरा उठली आणि तिच्या वाट्याला अपशब्द आले. तिसऱ्या खेपेस मात्र वैदेहिकेने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. आणि रक्ताने माखलेले डोके घेऊन काळी शेजाऱ्यांपाशी फिर्याद करू लागली, तेव्हा वर्षानुवर्षांची ती कीर्ती पाहता पाहता मातीस मिळाली.

या कथेत परीक्षा मालकिणीची आहे, दासीची नव्हे, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सहनशीलतेचा उपदेश पिढ्यानपिढ्या सुनेला, धाकट्याला आणि आश्रिताला करण्यात आला; घरातील हुकूमत ज्याच्या हाती, त्याच्या रागाला मात्र ‘कडक शिस्त’ असे भारदस्त नाव मिळाले. बुद्धांच्या कथेत क्षांतीची अपेक्षा आहे ती ज्याच्या हाताशी अडसर आहे त्याच्याकडून. मार खाणाऱ्याने मुकाट राहावे असा अर्थ तिच्यातून काढता येत नाही. काळी शेजाऱ्यांकडे गेली, याबद्दल कथेत तिला दोषाचा शब्दही लावलेला नाही.

मग हा अडसर उचलला जाण्यापूर्वी थांबावे कसे? केवळ दात-ओठ आवळून राग दाबणे याला बौद्ध परंपरा क्षांती म्हणत नाही. दाबलेला राग पुढल्या तारखेपर्यंत तहकूब झालेला असतो, एवढेच. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरे उपजत जाण्याच्या, साखळीत स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा उत्पन्न होते असे सांगितले आहे, आणि तेथील ‘वेदना’ म्हणजे आपण मराठीत समजतो ती कळ नसून सुखद, दुःखद वा तटस्थ असा कोणताही अनुभव. कानावर बोल पडला, तो अप्रिय वाटला, आणि हात वा जीभ उठली; यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये जी अरुंद फट आहे, तीत जागे राहणे ही सति. सतिपट्ठानसुत्तात वेदनेचे जे अनुपश्यन सांगितले आहे, ते हेच.

पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. या शब्दाचा अर्थ मला ग्रंथांपेक्षा माझ्या आईने अधिक शिकविला. अखेरच्या दोन वर्षांत वार्धक्यामुळे तिची स्मरणशक्ती ढळली होती, आणि दिवेलागणीला ती “दूधवाला येऊन गेला का रे?” असे विचारी, उत्तर देऊन मी वर्तमानपत्रात डोके घालावे, तोच पुन्हा तोच प्रश्न. एका संध्याकाळी मी इतक्या जोराने ओरडलो की तिच्या हातातली वाटी खाली पडली आणि ती मला ‘अहो’ म्हणू लागली, जणू कोणी परका माणूस घरात शिरला होता. त्यानंतर मी एकच अभ्यास धरला: प्रश्न आला की कानशिले तापतात आणि श्वास छातीतच अडतो, तेवढे आधी पाहायचे, आणि श्वास खाली उतरला म्हणजे मगच बोलायचे. तिची एक स्मृती गेली होती. माझ्यापाशी दुसरी नव्हतीच, ती कमवावी लागली. रोज साधली असे नाही, परंतु ज्या दिवशी साधली त्या दिवशी मला त्या प्रश्नामागची भीती ऐकू आली: घरातल्या लेकरांना दूध मिळेल ना, ही चाळीस वर्षांपूर्वीची भीती.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे मौन-शिबिर करून आलेले साधकही सांगतात की, तेथील शांतता मोठी, पण खरा कस लागतो तो घरचा उंबरठा ओलांडल्यावर. त्यात नवल नाही. आपल्या माणसाला आपली दुखरी जागा नेमकी ठाऊक असते, आणि आपल्यालाही त्याची.

या माहितीचा निराळा उपयोग नकुलमातेने करून दाखविला. भग्ग जनपदातील सुंसुमारगिरीच्या या गृहिणीचा पती नकुलपिता गंभीर आजारी पडला, तेव्हा त्याने तोंडाने काही बोलून दाखविण्यापूर्वीच तिने त्याच्या मनातील एकेक चिंता ओळखून तिचा खुलासा केला: मन गुंतवून मरू नका, मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी मुलांना पोसीन, घर चालवीन, मी दुसरे घर करणार नाही, बुद्धांच्या आणि संघाच्या दर्शनाची ओढ माझ्या ठायी कमी होणार नाही, आणि शील, चित्ताची शांती व धम्मावरील निष्ठा यांविषयीही आपण निःशंक असावे. अंगुत्तरनिकायात म्हटले आहे की, ते ऐकता ऐकता त्याचा आजार उतरला, आणि अंथरुणातून उठल्यावर तो काठीचा आधार घेत बुद्धांच्या भेटीस गेला, तेव्हा त्यांनी त्याला, अशी सहचरी लाभली हे तुझे मोठे भाग्य, असे सांगितले.