सासरी परतण्याआधी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे अजून बऱ्यापैकी टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी आईकडे येते, बाळ होतं, बारसं होतं, सव्वा महिना सरतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती सासरी जाते. एवढे दिवस नवरा-बायको बहुतेक वेगळेच राहतात, त्यामुळे पुन्हा दिवस राहण्याचा विषय निघत नाही. तो निघायला हवा होता हे परतल्यावर कळतं. अंगावर पाजतेस, पाळीही आलेली नाही, मग कसली काळजी, असं तिला घरच्या-दारच्या बायकांनी सांगितलेलं असतं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं असताना मळमळायला लागतं आणि ते आधी पित्तावर ढकललं जातं. तपासायला जाईपर्यंत तिसरा महिना लागलेला असतो. पाळी सुरूच झालेली नव्हती, मग चुकली हे कळणार कसं?

म्हणून एक गोष्ट आग्रहानं सांगते. बाळंतपणानंतर कोणतं साधन वापरायचं, हे बाळंतपणाच्या आधी ठरवावं. सातव्या-आठव्या महिन्यातली तपासणी ही त्यासाठी सर्वांत चांगली वेळ. तेव्हा डोकं शांत असतं, रात्रीची झोप मिळत असते, प्रश्न विचारायला सवड असते. सव्वा महिन्यानंतर बघू म्हणून पुढे ढकललेला विषय बाळाच्या लशी, दूध, जागरणं यांत बुडून जातो.

पाळीची वाट पाहणं का चुकतं, ते समजून घेण्यासारखं आहे. स्त्रीबीज आधी बाहेर पडतं आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसण्याआधीच एक बीज येऊन गेलेलं असू शकतं, आणि त्याच बीजातून दिवस राहू शकतात. जी आई अंगावर पाजत नाही, तिच्यात हे चौथ्या आठवड्यातही घडू शकतं. बाळंतपणानंतरचे पहिले २१ दिवस सोडले तर गर्भनिरोधनाची गरज धरूनच चालावं, असं डॉक्टर म्हणतात ते यामुळे.

अंगावरच्या दुधाचं संरक्षण मात्र खरं आहे. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि बीज तयार होणं थांबतं. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी याच्या तीन अटी नक्की केल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळाचं पोट पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर भरायला हवं. तिन्ही अटी पाळल्या तर हे संरक्षण ९८ टक्क्यांपर्यंत मिळतं. आपल्या घरांत अडतं ते तिसऱ्या अटीशी. बाळगुटी, उन्हाळ्यात चमचाभर पाणी, दूध पुरत नाही असं वाटून सुरू केलेलं वरचं दूध, आईला झोप मिळावी म्हणून आजीनं रात्री दिलेली बाटली, यांतलं प्रत्येक प्रेमापोटीच होतं. पण चोखणं कमी झालं की संरक्षणही कमी होतं. दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर त्यावर विसंबू नये. उष्टावण झालं की ही मुदत संपलीच. दुसरं साधन त्याआधीच सुरू झालेलं असावं.

घाई कशासाठी, असं कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की बाळाच्या जन्मानंतर किमान २४ महिने तरी पुढचा गर्भ राहू देऊ नये. म्हणजे दोन भावंडांत पावणेतीन वर्षांचं अंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता (पांडुरोग) आढळली. गरोदरपण आणि बाळंतपणातला रक्तस्राव यांतून ही झीज आणखी वाढते, आणि ती भरून निघायला वेळ लागतो. पाठोपाठचं बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. पहिलं सिझर झालेलं असेल तर अंतर आणखी महत्त्वाचं, कारण लवकरच्या बाळंतपणात गर्भाशयावरचा जुना व्रण उसवण्याची भीती असते.

आता साधनांकडे. तांबीविषयी, म्हणजे कॉपर टीविषयी, मी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याच वाट्याला आले आहेत. कॉपर टी बाळंतपणानंतर लगेच, वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत किंवा पहिल्या ४८ तासांत बसवता येते. सिझरमध्ये तर टाके घालण्याआधीच ठेवता येते. ४८ तास उलटले की मात्र सहा आठवडे थांबावं लागतं. ३८०ए ही जात दहा वर्षं चालते, ३७५ ही पाच वर्षं. तिचा दुधाशी काही संबंध नाही, आणि काढल्यावर लवकरच पुन्हा दिवस राहू शकतात. पहिल्या वर्षात शंभरातल्या एकीलाही दिवस राहत नाहीत, इतकी ती भरवशाची आहे. ती पोटात वर चढत जाते, ही भीती घरोघर आहे. गर्भाशयाला छिद्र पडून ती बाहेर जाणं हे क्वचित होतं. खरी अडचण उलटी आहे. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी साधारण दहात एकीची आपोआप बाहेर पडते. म्हणून सहा आठवड्यांनी धागा तपासून घेणं टाळू नये. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोट दुखतं. आधीच पांडुरोग असेल तर हे डॉक्टरांशी बोलायलाच हवं. बाळंतपणात ताप आला असेल, पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर ती तेव्हा बसवत नाहीत.

कळा देणाऱ्या बाईपुढे कागद करून घेतलेली सही ही संमती नव्हे. शासनाच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की तांबीबद्दलचं बोलणं गरोदरपणातल्या तपासण्यांत व्हावं, ऐन कळांमध्ये नव्हे. न सांगता बसवलेल्या एका तांबीमुळे सगळ्या वस्तीचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला तिथल्या आशाताईला वर्षं घालवावी लागतात. तसंच काढून मागण्याचं. बाईनं काढा म्हटलं की काढायची. अजून थोडे दिवस सोसा, असं सांगून तिला घरी पाठवणं गैर आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली, पुढे १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांचा सगळा भर बाईच्या स्वतःच्या इच्छेवर होता. शंभर वर्षांनंतर साधनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण तिला आधी विचारायचं, हे अजून सगळीकडे रुजलेलं नाही.

२०१७ पासून सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ हे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी आली. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं; पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. त्यानं पाळी अनियमित होते, पुढे बंदही होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्या डोसला येतच नाही. थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा वर्षभरात दुसरं मूल हवं असणाऱ्यांनी ते निवडू नये. छाया ही आपल्याच देशात, लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधली गेलेली गोळी. पूर्वी ती ‘सहेली’ नावानं आली. तिच्यात संप्रेरकं नाहीत, म्हणून पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा.

‘माला-एन’सारख्या रोजच्या गोळ्यांचं तसं नाही. त्यांत इस्ट्रोजेन असतं. बाळंतपणानंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, आणि दुधावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने त्या टाळाव्यात. जावेच्या कपाटातली पाकिटं घेऊन सुरू करणं बंद व्हायला हवं. निरोधला थांबावं लागत नाही. फक्त दर वेळी आणि नीट वापरायला हवा.

ज्या आधीच सासरी परतल्या आहेत आणि पाळी आलेली नाही, त्यांनी पाळीची वाट पाहू नये. आशाताईकडे ‘निश्चय’ नावाचा लघवी तपासणीचा संच मिळतो. आत्ताच ती तपासणी करावी. दिवस नाहीत असं दिसलं तर त्या दिवसापासून निरोध, आणि पक्क्या साधनासाठी तारीख. अलीकडेच संबंध आलेला असेल तर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. दिवस राहिलेच असतील आणि मूल नको असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा साधन निकामी ठरलं या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देतो. सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.

महाराष्ट्राची खरी खोड वेगळीच आहे. इथल्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे. पुष्कळजणी दोन मुलांमध्ये काहीच वापरत नाहीत, आणि दुसरं झालं की सरळ कायमच्या उपायाकडे जातात, विशी-पंचविशीतच. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत हे ऑपरेशन सोपं पडतं, हे खरं. पण किमान एक मूल वर्षावरचं असावं, ही शासनाची अट विचारपूर्वक घातलेली आहे. तिच्याकडे काणाडोळा करू नये.

आणि पुरुष? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के होतं, स्त्रियांचं ३७.९. आणीबाणीत, १९७६–७७ च्या एका वर्षात, साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येक जबरदस्तीनं. महाराष्ट्र विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या धसक्यानं पुरुष मागे सरले ते आजतागायत. आजची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, पुरुष त्याच दिवशी घरी जातो. त्यानं मर्दानगी जात नाही, ताकद जात नाही. दोन बाळंतपणं सोसलेल्या बायकोच्या पोटावर चीर देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी न्याय्य आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याचा परिणाम मात्र लगेच होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि त्यात शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हातात आल्यावरच निरोध सोडायचा.