गायीला बिल्ला असतो, शिनाण्याला नसतो

आपत्तीनंतर सरकार देते ती मदत. बुडालेल्याला हवी असते ती भरपाई. या दोहोंतले अंतर मला लम्पीच्या साथीत जवळून पाहायला मिळाले.

२०२२ च्या पावसाळ्यात हा रोग महाराष्ट्रभर पसरला. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो गोठ्यागोठ्यांत शिरला. जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या, गुरांचे बाजार बंद झाले. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या मावसभावाची दुभती गाय त्यात गेली. राज्य सरकारने दुभत्या गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये जाहीर केले होते. पंचनामा झाला, कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला आणि पैसे खात्यावर आले. चांगली संकरित गाय मात्र एवढ्यात येत नाही. वहिनी म्हणाली, ‘‘भावजी, पैसे आले हो, पण दर दहा दिवसांनी दुधाचा पगार यायचा, तो कुठून आणू?’’

तरी गायीचे बरे म्हणायचे. ती मेली तर निदान गोठ्यात दिसते.

सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये बचत गटांच्या बायका शिनाणे आणि कालवे वाढवतात. शिनाण्यांचे बी मच्छरदाणीच्या कापडाने दोरीला गुंडाळायचे आणि त्या दोऱ्या बांबूच्या तराफ्यावरून पाण्यात सोडायच्या. काही महिन्यांत माल तयार होतो. पावसाचे गोडे पाणी खाडीत भरले की शिनाणे मरतात, म्हणून काढणी त्याआधीच उरकावी लागते. आणि वादळेही नेमकी तेव्हाच! तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर. अशा वेळी तराफाच सुटून गेला, तर तलाठ्याने पंचनामा कशाचा करायचा?

आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये होते. होडीला, जाळ्यालाही रक्कम ठरलेली होती. दोरीवर वाढणाऱ्या शिनाण्यांचा हिशेब मात्र या चौकटीत सहज बसत नाही.

अमेरिकेत २००८ च्या शेती कायद्याने जनावरे, मधमाश्या आणि पाळलेले मासे यांच्यासाठी एकच तातडीची मदत योजना आणली. मधमाश्या काय, मासे काय, मोजायला अवघडच. म्हणून तिथे आधी किती होते आणि नंतर किती उरले, याच्या नोंदी मागतात.

आपल्याकडे हे अशक्य नाही. बचत गटाची वही असतेच. हंगामाच्या सुरुवातीला तराफे किती, दोऱ्या किती, बी कितीचे, हे तीत लिहावे आणि मत्स्य खात्याच्या माणसाने खाडीवर येऊन त्याखाली सही करावी. गायीच्या कानातला बिल्ला जे काम करतो, ते ही सही करील. पैसा किती द्यायचा हा वाद पुढचा. नुकसान झाले, एवढे तरी त्या बाईला कुणापुढे शपथेवर सांगावे लागू नये.